दाखल्यावरची चार नावं

फरीदाबादच्या घरात पहिल्या सकाळी मी दोनच खोकी उघडली. एक चहाच्या भांड्यांचं आणि दुसरं बायबल आणि गीतांच्या पुस्तकांचं. बाकीचं सामान आठवडाभर तसंच पडून होतं. बायबलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाखला ठेवला होता, तो जागेवर आहे ना हे पाहिल्यावरच मी गॅस पेटवला.

दाखला शाळेचा नव्हे. आम्हा ख्रिस्ती माणसांनी गाव सोडलं की जुन्या मंडळीचे पाळक एक पत्र देतात. हे कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद आहे, त्यांना आपल्यात सामावून घ्यावे, आणि खाली नावं. आमच्या दाखल्यावर चार होती. सगळ्यात वर सासूबाई मार्था, मग माझे यजमान सुधीर, मी शोभा, शेवटी आमची अनू. नव्या मंडळीनं दाखला घेतला की तसं जुन्या पाळकांना कळवतात आणि तिकडच्या रजिस्टरातून ती नावं कमी होतात. सुधीरची केंद्र सरकारची नोकरी, बदली झाली, आम्ही निघालो. त्यांना नावाचं काही वाटलं नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटलं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दफनभूमीत माझ्या सासऱ्यांना माती देऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्या शेजारची जागा आईंसाठी राखलेली आहे.

"इथं नाव लागलं की माझी मातीपण इथंच होणार ना गं?" पहिल्याच आठवड्यात आईंनी विचारलं.

मी "बघू" म्हटलं. "बघू" हे उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळलं.

आईंना हिंदी येत नाही आणि गुडघे दुखतात. चर्च ठरेपर्यंत मी घराबाहेर पडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी, तिथे वाळत घातलेल्या रजया. तेवढीच त्यांची दिल्ली.

पहिल्या रविवारी मी दिल्लीतल्या एका जुन्या दगडी चर्चला निघाले. "तू आधी बघून ये, मग आपण सगळे जाऊ," सुधीर म्हणाले. मी जणू भाड्याचं घर बघायला चालले होते. अनूनं रजईतूनच हात हलवला. बाहेर असं धुकं होतं की रिक्षा आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मेट्रोत बायकांच्या डब्यात जागा मिळाली, पण शेजारच्या दोघीही कानांत तार घालून डोळे मिटून होत्या. मी दाखल्याची पर्स पोटाशी धरून तासभर बसले.

चर्चच्या नऊ पायऱ्या. वीस वर्षं चौथीच्या मुलांना पाढे शिकवले, त्यामुळे पायऱ्या दिसल्या की मी मोजते. आता तर आईंच्या गुडघ्यांसाठी मोजणं भागच होतं. आमच्या गावी चर्चमध्ये सतरंज्या असतात, चपला दाराबाहेर, बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे. पन्नाशीला आलेल्या बाईचे हात डोक्याला विचारत नाहीत. मी दारातच चपला काढल्या आणि आत शिरले. पाच-सहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की बाकं आहेत आणि सगळ्यांच्या पायांत बूट आहेत.

टाय लावलेले एक गृहस्थ लगबगीनं आले. "मैडम, आपकी चप्पल बाहर रह गई है."

"हाँ, मैंने ही निकाली है," मी म्हणाले.

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग "अच्छा" म्हणून गेले. परत जाऊन चपला घालायच्या म्हणजे आणखी शोभा, आणि नावाची शोभा पुरेशी झाली होती. मी तशीच बसले. जानेवारीतली दिल्लीची फरशी काय असते ते तळपायांना विचारावं. उपासना इंग्रजीत होती, देखणी, घड्याळावर संपणारी. गायकवर्ग इतका सुरेल की माझ्या आवाजाची तिथे काही गरज नव्हती. नंतर अंगणात माणसं घोळक्याघोळक्यानं उभी राहिली. मी सूचनाफलकापाशी उभी राहून सगळ्या सूचना वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. तिसऱ्यांदा वाचायची लाज वाटली, तेव्हा बाहेर आले. फाटकाशी छोले-कुलच्याची गाडी होती (कुलचा म्हणजे मऊ, जाडसर रोटी). भूक लागली होती.

"प्याज़ डालूँ?" गाडीवाल्यानं विचारलं.

घरी पोचले तेव्हा आई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी चर्च केवढं, पाळक कोण, काहीही विचारलं नाही. "कुणी विचारलं का गं तुला?" एवढंच.

आमच्या गावात नवं माणूस उपासनेला आलं तर ते जेवल्याशिवाय जात नाही. कुठले पाव्हणे, कुणाकडे आलात, आई-वडील आहेत का, इथपासून सुरुवात होते. आईंच्या लेखी मंडळीची परीक्षा ती हीच.

"हो, विचारलं की," मी म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं. एकानं चपलांचं विचारलं होतं आणि एकानं कांद्याचं.

पुढच्या खेपेला गाझियाबादला गेले. तिथे हिंदी उपासना असते असं कुणीतरी सांगितलं होतं. असते, पण महिन्यातून एकदा, आणि तो रविवार माझा नव्हता. आत जाऊन बसल्यावर मल्याळम सुरू झालं. मधेच उठून जाणं बरं दिसेना. शेजारच्या बाईंनी आपलं गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. गोल गोल अक्षरं, एकही ओळखीचं नाही. पण तिसऱ्या गीताची चाल ओळखीची निघाली. मी हळूच मराठी शब्दांत गाऊ लागले. एवढ्या आवाजात माझे शब्द मला एकटीलाच ऐकू येत होते, आणि आपण किती लांब आलो आहोत हे मला त्या क्षणी खरं कळलं. रडू आवरलं, पण कडवं सुटलं.

नंतर त्या बाईंनी केकचा तुकडा आणि काळा चहा दिला. नर्स होत्या, चेहरा मायाळू. "आप मराठी? आप लोगों का भी चर्च होगा ना दिल्ली में?" त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांचा दोष नाही. पण आपलं असेल तिथे जा, हे कितीही प्रेमानं सांगितलं तरी सांगितलंच.

"कुणी विचारलं का?" आई.

"हो. केकही दिला."

मराठी उपासना खरोखरच होती. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी, दिल्लीत एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. फरीदाबादहून मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग रिक्षा, एकूण पावणेदोन तास. दारातच कुणीतरी "सलाम!" म्हणालं (आमच्याकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम म्हणतात) आणि मीही चटकन सलाम म्हणाले. सरकारी नोकरीतली आठ-दहा कुटुंबं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी, पोह्यांचा वास. लातूरची एक मुलगी तिसरी वाटी पोहे घेताना म्हणाली, "काकू, मी प्रार्थनेला येते म्हणून घरी सांगते, पण खरं तर पोह्यांना येते यार." मी खूप दिवसांनी हसले. गीतं मी इतक्या जोरात म्हटली की पुढच्या रांगेनं वळून पाहिलं.

मग मी पर्समधून दाखला काढला. उपासना घेणाऱ्या साळवेबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा जरा पडला.

"अहो, आमच्याकडे रजिस्टरच नाही. पाळकही नाहीत. इथं आम्ही सगळेच पाहुणे, प्रत्येकाचं नाव दुसऱ्या मंडळीत आहे."

"मग मी कुठं देऊ?"

"घराजवळ बघा. सासूबाई म्हाताऱ्या आहेत म्हणता. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर आम्ही दोन तासांनी पोचणार का? इथं येत जा, माहेरी येतात तसं. पण राहायचं सासरीच, नाही का?"

बाई खरं बोलल्या म्हणूनच मला राग आला. परतीच्या गाडीत दाखल्याच्या पिशवीला पोह्यांचं तेल लागलेलं दिसलं, ते रुमालानं पुसत बसले. घरी आईंना तिसऱ्यांदा सांगितलं, "हो, विचारलं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुन्हा दिल्लीला जायला निघाले, तर धुक्यामुळे मुख्य रस्त्यापर्यंत रिक्षाच मिळेना. अर्धा तास उभी राहून परत फिरले. वैतागून, खरं सांगायचं तर देवावरही थोडी चिडून. आमच्या मागच्या गल्लीत नळाच्या सामानाचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं. त्याच्या बाजूच्या जिन्यावर, पहिल्या पायरीपासून, चपलांचा ढीग पडला होता. लहान, मोठ्या, झिजलेल्या, एक लाल गमबूट. वरून ढोलकी ऐकू येत होती.

मी चपला काढल्या. या खेपेला कुणी माझ्या पायांकडे बघितलं नाही. बावीस पायऱ्या, एका बाजूला कठडा.

वर पत्र्याचं छप्पर, सतरंज्या. बाया डावीकडे. एका पोरसवदा बाईनं सरकून जागा केली आणि आपल्या शालीचं अर्धं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. फार काही सुंदर होतं असं नाही. ढोलकीपुढे गीत बुडत होतं, प्रवचन लांबलं, खालून रंगाचा वास येत होता. बहुतेक मंडळी झारखंडची, कारखान्यांत आणि घरकामाला जाणारी. पाळक चाळिशीचे, स्वेटरवर स्वेटर घातलेले. शेवटी "जय मसीह की" म्हणत ते माझ्याकडे आले. मी दाखला पुढे केला.

त्यांनी तो उलगडला. अक्षरं ओळखीची, भाषा परकी. तरी अडखळत मोठ्यानं वाचू लागले. आमच्या पाळकांचा सप्रेम सलाम त्यांच्या तोंडून फार वेगळा ऐकू आला. नावांपाशी ते थांबले.

"मार्था. ये कौन हैं?"

"मेरी सास."

"माताजी का नाम सबसे ऊपर है. वो क्यों नहीं आईं?"

दीड महिन्यात आमच्यापैकी कुणाचं तरी नाव घेऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. मला "घुटने" एवढाच शब्द काढता आला आणि मग मी चक्क रडले, शालीवालीच्या खांद्यावर.

पाळकांनी कागद नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "फिर अभी नहीं लूँगा. उनसे पूछे बिना कैसे लूँ? वो आ जाएँ. नहीं तो हम आएँगे."

घरी जायला चार मिनिटं लागली. दीड महिना मी दिल्ली पालथी घातली आणि चर्च होतं काखेत कळसा म्हणावं इतकं जवळ. पण आधी सापडलं असतं तर मी वर गेले असते का, कोण जाणे. तेव्हा मी घंटा आणि दगडी कमान शोधत होते. तीन दारांतून एकटी परत आल्यावरच मला जिन्यावरच्या चपला दिसल्या.

आई गॅलरीत मटार सोलत होत्या. "कुणी विचारलं का गं?"

"मला नाही विचारलं," मी म्हणाले. "तुम्हाला विचारलं."

त्यांचा हात शेंगेवरच थांबला. "मला? माझं नाव कुठं ठाऊक त्यांना?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी दाखला मागून घेतला, चष्मा लावला आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"पायऱ्या किती?"

"बावीस. कठडा आहे."

"रविवारी लवकर निघू मग. मला वेळ लागेल."

मला आनंद व्हायला हवा होता. पण तोंडून निघून गेलं, "आई, आणि बाबा? ते तिकडे गावी एकटेच राहतील."

आईंनी शेंग सोलली, दाणे ताटात पाडले.

"त्यांना आता सवय झालीय गं," त्या म्हणाल्या. "तुला कुठं आहे?"