विमलबाईचा दगड

विमलबाईला चित्रकलेच्या वर्गात नेलं ते तिच्या सुनेनं, आणि तेही सासू दिवसभर घरात तोंड मिटून बसते म्हणून. हुलसूरच्या अलीकडच्या त्या गावाला मोठं तळं आहे. त्याच्या बांधावर दर रविवारी सकाळी संगमेश सर वर्ग भरवायचे. सर शाळेतून निवृत्त झालेले, कानडी घरातले. प्रत्येक बाईला ते 'अक्का' म्हणायचे.

"दुकानातला रंग आणायचा न्हाई," ते सांगत. "दगड घ्या, चिंध्या घ्या, चुना, गेरू, फुटक्या बांगड्या, तार, जे सापडंल ते. पण दुसरीचं बघून करायचं न्हाई. मनातलं करायचं."

"मनातलं केलं तर नवरा घराबाहेर काढंल की, सर," एकजण म्हणाली.

"मग पहिलं नवऱ्याचंच तोंड करा, अक्का."

बायका तोंडाला पदर लावून हसत. विमलबाई हसली नाही. तीन रविवार ती नुसतीच येऊन बसली. चौथ्या रविवारी सर तिच्याजवळ उकिडवे बसले.

"अक्का, तुमी पाण्याकडं पाठ करून कामून बसताव?"

"पाण्यात माझी बहीण हाय," विमलबाई म्हणाली.

चव्वेचाळीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. थोरली बहीण शिवकन्या, वय एकोणीस, गावचा जमीनदार अंकुशराव, त्याच्या रानात कामाला जायची. तिचं पोट दिसू लागलं तेव्हा बाप अंकुशरावाला विचारायला गेला. अंकुशराव तेव्हा पंचविशीतला, नव्या धोतराचा सोगा हातात धरून चावडीपुढं उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "मी ह्या पोरीला वळखत न्हाई." दुसऱ्या सकाळी बांधावर शिवकन्येच्या चपला सापडल्या. आईनं घरात तिचं नाव काढू दिलं नाही. फोटो तर नव्हताच. धाकटी विमल सोळा वर्षांची होती. ती तेव्हापासून गप्प झाली.

सरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तिचं तोंड करा, अक्का. तुमालाच येतंय ते."

विमलबाईनं एक लांबट दगड शोधला. त्याला चुन्याचा हात दिला. काजळानं डोळे काढले, तारेची नथ वळली, ओल्या चुन्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे रोवले, जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी गुंडाळली. ओठापाशी दगडाचा टवका गेला होता, तो तिनं तसाच ठेवला. शिवकन्या हसली की तोंड असंच एका अंगाला जायचं. दगड बांधावर उभा करून ती घरी गेली आणि तिनं सुनेकडून दुसरी भाकर मागून घेतली.

बुधवारी दगडावर हळदकुंकू होतं.

पाण्याच्या काठी पांढरा दगड, हिरवं वस्त्र, बांगड्या! गावच्या बायकांना ती पाण्यातली देवी, आसराच वाटली. कुणाच्या तरी लेकराचा ताप उतरला. अमावस्येला नारळ फुटले, मग लिंबं आली, मग तेल आणि शेंदूर. शेंदराच्या थरांखाली शिवकन्येचे डोळे गेले, तोंड गेलं. देवीपाशी चुना सांडायचा नाही म्हणून सरांचा वर्ग बांधावरून उठवला. विमलबाई जवळ गेली तर नारळवाल्या बाईनं हटकलं, "लांबून पाया पड गं, तिथूनच."

तिच्या वस्तीतली माणसंही सोडीनात. चुलत दीर भीमराज म्हणाला, "वहिनी, आपल्या आज्यानं बौद्ध झाल्यावर घरातले देव उचलून ह्याच तळ्यात टाकले. तुमी नवा काढून दिलाव व्हय?"

विमलबाईची बहीण एकदा पाण्यानं नेली होती, आता गावानं नेली.

एका मंगळवारी बांधापाशी मोटार थांबली. अंकुशराव उतरले. सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले. सून अंबिकेनं एका हातानं त्यांना धरलं होतं, दुसऱ्या हातात हिरवी साडी होती. गुडघ्यांसाठी नवस बोलायचा होता. अंबिकेनं त्यांना दगडापुढं हळूच खाली बसवलं.

विमलबाई बाजूला गवत कापत होती. एकच शब्द बोलायला मिळालेल्या नटानं विंगेत उभं राहून तो घोकत राहावं, तसं तिनं ह्या माणसासाठी बहिणीचं नाव चव्वेचाळीस वर्षं जपलं होतं. विळा खाली ठेवून ती पुढं आली.

"मालक, ही देवी न्हाई. ही शिवकन्या हाय."

अंकुशरावांनी डोळे बारीक केले. "कंची शिवकन्या?"

आवाजात लबाडी नव्हती. ते खरोखरच विचारत होते. ते चिडले असते, नाही म्हणाले असते, रडले असते, तर काय बोलायचं हे विमलबाईनं हजारदा मनात घोळवलं होतं. ते विसरले असतील, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

ती दगडापुढं बसली. पडलेल्या करवंटीचा तुकडा उचलून शेंदूर खरवडू लागली.

"अगं, काय करायलीस?" अंबिका घाबरली. "कोप हुईल."

"माझी थोरली बहीण हाय ही, बाई. तुमच्याच रानात खुरपायची. पाचवा म्हैना होता तिला." विमलबाईचा हात थांबला नाही, आवाजही चढला नाही. "तुमच्या मामंजींनी चावडीपुढं सांगितलं, मी ह्या पोरीला वळखत न्हाई. आजबी तेच सांगायलेत, बघा."

अंबिकेनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामंजी, खरं हाय का?"

शेंदराचा एक पोपडा निघाला आणि एका अंगाला गेलेलं तोंड उघडं पडलं. अंकुशराव त्याकडं पाहत राहिले. आठवलं की नाही, ते कुणाला कळलं नाही.

अंबिकेनं साडी पुन्हा काखेत घेतली आणि ती मोटारीकडं चालू लागली. अंकुशरावांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना.

"ए, जरा हात दे गं," ते विमलबाईला म्हणाले.

विमलबाईचे दोन्ही हात शेंदरानं भरले होते, आणि डावा डोळा अजून निघायचा होता.