बॉयलरवरची मॅट्रिक

१९५७ चा कार्तिक. सकाळी बोटं वळत नसत, म्हणून सगळा कारखाना आमच्या बॉयलरपाशी शेकायला यायचा. माणसं जमली की किस्से आलेच. राखेसारखे! रोज झाडा, रोज ढीग. हे काही नामदेवच्या मॅट्रिकचे.

मी पिंपरीला बॉयलरचा मुकादम. शिक्षण चौथी. नामदेव निघोज्याचा, माझा फायरमन. मॅट्रिकला दोनदा बसला, दोन्ही वेळा इतिहासात गचकला. ऑफिसात कारकुनाची जागा निघणार होती, पण मॅट्रिक पासालाच.

चिंचवडचे देशपांडे मास्तर त्याला संध्याकाळी इतिहास शिकवायला तयार झाले. नामदेवची शिफ्ट मात्र दर आठवड्याला फिरायची.

मास्तर म्हणाले, "माझं वेळापत्रक ठरलेलं असतं."

मी म्हणालो, "बॉयलरचंही."

मास्तरांनी वेळापत्रक बदललं. बॉयलर कोण बदलणार!

*

मास्तर दर शनिवारी निबंध मागायचे. नामदेव भट्टीत चार फावडी कोळसा टाकायचा, मग दोन ओळी लिहायचा. वही काळी ठिक्कर!

"नामदेव, हे वाचायचं कसं?"

"वरचा कोळसा झाडा गुरुजी, खाली इतिहास हाय!"

*

आमच्याकडे बदलीचा माणूस आल्याशिवाय कोणी बॉयलर सोडत नसे. मास्तरांनी प्रश्न घातला, पानिपतावर मराठे का हरले? नामदेवनं एकच ओळ लिहिली: "सकाळपासून लढणाऱ्यांची बदली आलीच नाही."

मास्तर तापले. "अरे, यात सदाशिवरावभाऊंचं नावसुद्धा नाही!"

"त्यांची तर मुळीच न्हाई आली, गुरुजी!"

मास्तरांनी चष्मा पुसला. अर्धे मार्क दिले.

*

मार्चात इतिहासाचा पेपर आला, तो नेमका नामदेवच्या पहिल्या शिफ्टला. इंजिनियरसाहेबांनी रजा नाकारली. दुसरा फायरमन बाळू राणे, मालवणकडचा, रात्रपाळी करून घरी निघाला होता. तो परत फिरला आणि फावडं उचललं.

"जा मेल्या, पेपर लिही! शिफ्ट उसनी दिलंय, दान नाय केलंय!"

बाळूनं रात्रपाळीवर दिवसपाळी, डबल केली. दुपारी फावड्याला टेकून उभ्याउभ्या पेंगत होता. वाफ मात्र उतरू दिली नाही.

*

जूनमध्ये निकाल लागला. नामदेव पास! सगळ्या विषयांत जास्त मार्क इतिहासातच!

इंजिनियरसाहेब म्हणाले, "मुकादम, तुमचा फायरमन गेला."

"गेला नाही साहेब. चढला!"

तेवढ्यात देशपांडे मास्तर पेढे घेऊन बॉयलरवर हजर. मी म्हणालो, "मास्तर, पेढे आम्ही द्यायचे."

"अहो, दोनदा नापास झालेला मुलगा पास झाला! म्हणजे मी पास झालो!"

*

भाद्रपदात बाळूला गावी जायचं होतं. घरी गणपती, आणि पुजायला दुसरं माणूस नाही. साहेब म्हणाले, "बॉयलरला माणूस कमी आहे. रजा नाही." बाळूनं फावडं उचललं. कोळसा ओढत राहिला.

तेवढ्यात ऑफिसातून नामदेव आला. पांढरा सदरा, खिशाला पेन. सदरा काढून त्यानं खुंटीला लावला आणि बाळूच्या हातातलं फावडं घेतलं.

"मुकादम, माझी रजा मंजूर हाय. ह्याला सोडा."

साहेब ओरडले, "अरे, तू कारकून आहेस!"

"व्हय साहेब. म्हणूनच रजा मिळाली."

मी बाळूला सोडलं. तो कोकणच्या एस. टी.त बसला.

गौरी-गणपती उरकून बाळू परत आला. नामदेवनं फावडं त्याच्या हातात दिलं, अंगावरची राख झटकली, सदरा चढवला आणि ऑफिसात गेला.