उघडा हात लावू नका

गंज आणि गोष्टी सारख्याच. कितीही घासा, खालनं परत वर येतात. आम्ही नवरा-बायको कोल्हापुरात पत्र्याची छपरं घासून रंगवायचो. त्यातलं थोडं सांगते. हसायचं तर हसा.

मालकांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, एक नियम. गंज खरवडला, रॉकेलनं पुसलं, की प्राइमर लागेपर्यंत पत्र्याला उघडा हात लावायचा न्हाय. घामाचं मीठ रंगाखाली बसतं आणि वर्षाभरात गंज पंजासारखा वर उठतो. स्वतः मात्र हातमोजे घालायचे न्हाईत! उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट पत्र्याच्या धारेनं अर्धं गेलेलं. म्हणायचे, "साडेचार बोटांचा मोजा शिवतीस काय?"

*

आदल्या वर्षी ज्याचं छप्पर रंगवलेलं, तो राजारामपुरीतला शिंपी बोंबलत आला. "वैनी, छपरावर चोर चढलाय! पंजा उठलाय!"

वर जाऊन बघितलं. एका बोटावर अंगठीएवढी जागा कोरी. म्हटलं, "पावणं, चोराची अंगठी तुमच्याच बोटात हाय की!"

*

नृसिंहवाडीजवळ एक रिकामा गोठा. गंज आतल्या बाजूनं, एकाच जागी. दोनदा रंगवला, दोनदा तिथंच आला. सकाळी हात लावला तर पत्रा ओला. आणि अंगासारखा ऊन ऊन!

म्हातारा म्हणाला, "त्याखाली आमची कपिला बांधायचो. जाऊन चार वर्षं झाली."

मालकांनी ब्रश खाली ठेवला. "मग ऱ्हाऊ दे. श्वास घेतीया ती."

*

पाय टाकायच्या आधी पत्रा ठोकून बघायचा, हाही मालकांचाच नियम. एका गोदामावर पत्रा चकचकीत दिसला, म्हणून त्यांनीच ठोकला न्हाय. गोदामवाल्यानं गंज न घासता वरनं रंग फासलेला. पाय आरपार गेला. मालकही गेले.

गोदामवाला मला म्हणतो, "रंग तर नवाच होता."

रेडऑक्साइडच्या लाल रंगाचा अख्खा डबा त्याच्या डोक्यावर ओतला. "घे, आता तूबी नवा!"

नणंद म्हणाली, सोड हे काम. सोडलं न्हाय. पण शिडीवरनं पहिलं पाऊल टाकताना मनात मालकांना हाक मारायची.

*

तीन वर्षांनी पन्हाळ्याच्या वाटेवर एका घराचं काम केलं. पत्रे नवे, मालक गेल्यावर दुकानातनं आलेले. प्राइमर मीच मारला, मोजे घालून. वर्षानं घरवालीचा निरोप : डाग उठलाय.

शिडीवरनं डोकं वर काढलं. जिथं पाय टाकणार, तिथंच गंजाचा उजवा पंजा. 'थांब' म्हणताना धरतात तसा, बोटं वर. अंगठ्याजवळचं बोट अर्धं.

हातोडीनं ठोकलं. पत्रा शाबूत, पण खालचा वासा वाळवीनं पोकळ. दुसऱ्या ठोक्याला मोडून घरात पडला.

वासा बदलून घेतला. सगळं छप्पर रंगवलं. घरवाली अंगणातनं ओरडली, "वैनी, तेवढा डाग ऱ्हायला की!"

"ऱ्हाऊ दे," म्हटलं. "त्यो माझा हाय."