वहिनींनी धुतलेले ब्रश

जुने पेंटर एकत्र बसले की चित्रांबद्दल बोलत नाहीत. चित्रं गिऱ्हाइकांच्या भिंतींवर गेली, ती आता कोण दाखवणार! आपल्याकडे उरतात ते ब्रश आणि ब्रशांचे किस्से. आमच्या नंदुरबारच्या मंडळीत ते इतके साठलेत की एक काढायला जावं, तर दोन-चार त्याच्या मागे निघतात.

दगाजीदादांच्या ओसरीवर आमचं दुकान. दादा तसबिरी काढायचे, सुकलाल नाटकांचे पडदे रंगवायचा आणि मी पाट्या. संध्याकाळी आम्ही ब्रश रॉकेलमध्ये खळबळायचो आणि मागच्या अंगणात पाठवायचो. तिथे दादांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, धुण्याच्या दगडावर बसून ते रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या. परक्या गड्यांसमोर त्यांचा पदर नेहमी पुढे ओढलेला. मधल्या दारातून ओसरीवरून त्यांची पाठ तेवढी दिसायची.

*

सुकलालला ब्रश डब्यात उलटा ठेवायची खोड. केस खाली, दांडा वर! सकाळी केस वाकून बसायचे.

दादा एकदा जाम चिडले. "सुकलाल, तुले असा डोकावर उभा कया ते चाली का?"

सुकलाल शांतपणे म्हणाला, "चाली ना दादा! पन मंग मन्हा केसथीन रेघ वढू नका!"

*

महायुद्धामुळे विलायती ब्रश यायचे बंद झाले. सुकलाल सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेला आणि एका व्यापाऱ्याची पाठ फिरताच त्याच्या घोड्याच्या शेपटीचा झुपकाच कापून घेतला! दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, "शेपूट आखूड आहे, नको हा घोडा."

व्यापारी काठी घेऊन सुकलालला शोधत आला. सुकलालने हातापाया पडून त्याला बाजारातल्या पालासमोर टांगायला एक पडदा रंगवून दिला. त्यावर तोच घोडा, शेपूट थेट जमिनीला टेकलेली. व्यापाऱ्याने बराच वेळ पाहिलं, मग कपाळाला हात लावला. "अरे, मेले में यही घोडा लाना था!"

*

ब्रशला टोक आणायचं तर तो ओठांत धरायचा, ही दादांची सवय. एकदा एका पाटलांच्या वडिलांची तसबीर चालू होती. फोटोत रंग कुठला? म्हणून कोटाचा रंग विचारायला दादा तसेच उठून सुतकाच्या घरी गेले. ओठ लालभडक!

पाटील खवळले. "मन्हा घरमा मरन, अन् हाऊ पेंटर विडा खाईसन वना!"

दादा घाबरून म्हणाले, "विडा नही बापू, तुमना बापनी पगडी शे!"

*

एकदा रिठे संपले. वहिनींनी स्वतःच्या न्हाण्यासाठी ठेवलेली शिकेकाई काढली आणि सगळे ब्रश त्यातच धुतले. दादांनी सकाळी ब्रश गालावर फिरवला. "वा! काय मऊ केस झालेत!"

आतून आवाज आला, "मन्हा केससले ते कधी असं म्हननात नही!"

आम्ही पोट धरून हसलो. आता तो किस्सा सांगताना माझं हसू अर्ध्यावरच थांबतं.

*

वहिनी ओसरीवर यायच्या नाहीत. पण ब्रश धुताना पाण्याला कसला रंग सुटतो ते पाहून विचारायच्या, "आज हिरवं लुगडं का? कोन बाई शे?" दादा ओसरीवरूनच सांगायचे, अमक्याची आई, तमक्याची बायको.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सगयासन्या बाया काढ्यात. मन्हं बी एक चित्र काढा ना."

दादा हसले. "काढसू ना! तू काय कोठे चालनी?"

असं त्यांनी पुष्कळदा विचारलं, आणि दादांनी पुष्कळदा हेच उत्तर दिलं.

*

त्या पावसाळ्यात वहिनींना हिवताप आला आणि बघता बघता त्या गेल्या. फोटो एकही नव्हता.

सुतक फिटल्यावर दादा चित्र काढायला बसले. चेहरा काढायचे, पुसायचे. नाक जमलं की हनुवटी निसटायची. जिल्हाभराचे चेहरे लक्षात ठेवणारा माणूस, पण घरचा एक चेहरा सापडेना! आम्ही तरी काय मदत करणार? आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता. मला दादांचा राग आला होता, आणि कीवही.

शेवटी दादांनी ते काढलं जे ओसरीवरून रोज दिसायचं. धुण्याचा दगड, पाण्याची बादली आणि वाकून बसलेल्या वहिनींची पाठ. लुगड्याचा काठ, पदराखाली उठून दिसणारी अंबाड्याची गाठ, कोपराजवळची सुरकुती, सगळं इतकं हुबेहूब की सुकलाल तोंड फिरवून बाहेर गेला.

रनाळ्याहून वहिनींची म्हातारी आई आली. डोळ्यांत मोतीबिंदू. चित्राला नाक लागेल इतक्या जवळून तिने पाहिलं, अंबाड्यावरून बोट फिरवलं.

"मन्हीच पोर शे," ती म्हणाली. "पाठ काबर कयी हिनी? जवाईबापू, हाक मारा ना तिले. मंग इकडे फिरी ती."

दादा उठले. चित्रासमोर जाऊन उभे राहिले.

"तापी," ते म्हणाले.

वहिनींचं नाव आम्हाला त्या दिवशी कळलं.