मागं वळून पाहणारा फ्यूज

सकाळी साडेसहाला आमच्या वस्तीतले लोक कुत्री फिरवायला निघतात आणि फाटकात उभ्या उभ्या माझं डोकं तापतं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पट्टा. माणूस मोबाईलमध्ये, कुत्रं उकिरड्यात. मी खुशालराव. जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. अमरावतीच्या भातकुली रोडवरच्या या वस्तीत मी कोणी न विचारताही सांगत सुटायचो की, अरे बापा, कुत्र्याशी बोल, त्याला तुझ्याकडे पाहायला शिकव. आता नाही सांगत. केशरबाईच्या घरी जे झालं, तेव्हापासून तोंड बंद आहे.

केशरबाई तायडे आमच्या समोर राहते. नवरा बुधाजी वीज मंडळात लाइनमन होता. निवृत्त झाला त्या वर्षी विजेच्या डीपीच्या पेटीखाली सापडलेलं एक तपकिरी पिल्लू त्यानं घरी आणलं आणि नाव ठेवलं फ्यूज. "भुंकते अन् लगेच गप होते, उडालेल्या फ्यूजवानी," असं सगळ्यांना हसून सांगायचा. पुढं सहा वर्षांनी बुधाजीला विसरण्याचा आजार लागला. पोराचं, धम्मदीपचं नाव गेलं, जेवल्याचं लक्षात राहीना. फ्यूजचं नाव मात्र राहिलं. आणि राहिले ते पाय. आयुष्यभर तारांच्या मागं चाललेला माणूस, घराबाहेर पडला की मान वर करून खांबाखांबानं निघायचा. दोनदा हरवला. एकदा तर थेट सबस्टेशनात जाऊन ऑपरेटरशी भांडत बसला, की लाइन बंद करा, मले खांबावर चढायचं आहे.

डॉक्टर म्हणाले, कोंडून ठेवू नका, रोज फिरवा. केशरबाई माझ्याकडे आली.

"खुशालभाऊ, फ्यूज यायच्या संग राहाते, पण मधीच गाय दिसली, दुसरं कुत्रं दिसलं का पळते. मंग हे इकडं अन् तो तिकडं. तुमी त्याले शिकवा ना."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा. मी लगेच कामाला लागलो. भाकरीचे तुकडे मुठीत धरा. नाव घ्या. त्यानं तुमच्या तोंडाकडे पाहिलं रे पाहिलं की "शाब्बास" म्हणा, आणि मगच तुकडा. शब्दाआधी तुकडा नाही. ओढाओढी नाही, शिव्या नाहीत. आधी दारात, मग अंगणात, मग गल्लीत, आणि हे सगळं जमल्यावर गाईढोरांच्या रस्त्यावर. केशरबाई चिकाटीची. दोन महिन्यांत फ्यूज खाटकाच्या दुकानासमोरून जाताना हाडांकडे पाहीना, मान वळवून तिच्याकडे पाही. शब्द ऐकल्याशिवाय तिच्या हातातला तुकडाही घेईना. माझी छाती फुगली. गल्लीत जो भेटेल त्याला मी ते दाखवायचो.

तिघं संध्याकाळी निघत तेव्हा त्यांची रांग ठरलेली असे. पुढं बुधाजी, त्याच्या हातात दोरी. त्याच्या पायाशी फ्यूज. आणि दहा पावलं मागं, डोक्यावर पदर घेऊन, केशरबाई. चव्वेचाळीस वर्षं ती तशीच चालत आली होती. विहारात जाताना, दवाखान्यात जाताना, लग्नाला जाताना, नवरा पुढं आणि ती मागं. मी एकदा थट्टेनं म्हटलंही, "वहिनी, आता तरी बरोबरीनं चाला. कोण पाहून राहिलं?"

"आता या वयात काहून लाज काढता भाऊ?" ती पदरात हसली.

मीही हसलो आणि विषय सोडला. ती मागून चालते त्यातून कुत्र्यालाही धडा मिळतोय, की पाहायचं ते तोंड मागंच असतं, हे माझ्या एकतीस वर्षांच्या डोक्यात आलं नाही. उलट मला ती रांग फार पसंत होती, कारण काम होत होतं. दहा-वीस पावलांवर फ्यूज थांबे, वळून केशरबाईकडे पाही. तो थांबला की दोरी थांबे, दोरी थांबली की बुधाजी थांबे. ती गाठी, "शाब्बास" म्हणे, तुकडा देई, की रांग पुढं चाले. दीड वर्ष बुधाजी रोज घरी परत आला. बाई मला म्हणायची, तुमच्यामुळं माह्या घरचा माणूस घरी आहे.

मे महिन्यात ती न्हाणीत घसरली. घोट्याला प्लास्टर. तीन दिवस फिरणं बंद पडलं आणि बुधाजी पिसाळल्यासारखा झाला. दार बडवी, चपला घालून उंबऱ्यात उभा राही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं खाटेवरून मला हाक मारली.

"भाऊ, फ्यूज आहे ना संग. जाऊ देऊ का यायले?"

एक दिवसाआड येणारे नळ तेव्हाच आले होते आणि मी कुलरमध्ये पाणी भरत होतो. पाइप हातात धरूनच मी रस्त्यापलीकडून ओरडलो, "जाऊ द्या वहिनी! माझ्या हाताखालचं कुत्रं आहे ते."

तिनं बुधाजीच्या खिशात भाकरीचे तुकडे घातले आणि दोरी त्याच्या हातात दिली. मी त्याला जाताना पाहिलं. मान वर, डोळे तारांवर.

पाऊण तासानं फ्यूज एकटाच परत आला. दोरी मातीत घासत. सरळ केशरबाईच्या खाटेपाशी गेला, बसला आणि मान वर करून त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि तिनं, सवयीनं, "शाब्बास" म्हटलं. तुकडा दिला. मग तिची नजर दोरीवर गेली आणि ती अशी ओरडली की अंगणात पाणी मारता मारता मी पाइप टाकून धावलो.

कसं झालं असेल ते मी न पाहता सांगू शकतो. फ्यूज नेहमीसारखा थांबला, वळला, मागं तोंड नव्हतं. म्हणून बुधाजीच्या हातून दोरी सोडवून घेऊन ते तोंड शोधायला तो घरी आला. मी त्याची दोरी धरून भातकुली रोडला लागलो. "दाखव बाबू, कुठं सोडलं?" म्हणालो. दहा पावलं गेला, थांबला, वळून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दहा पावलं, पुन्हा तेच. त्याला पुढं शोधायला कोणी शिकवलंच नव्हतं. मी भर रस्त्यात त्याला लाथ मारली. आयुष्यात जनावरावर उचललेला तो माझा पहिला पाय. तरी त्यानं उठून माझ्याच तोंडाकडे पाहिलं.

पोलीस, शेजारी, सगळ्यांनी शोधलं. बुधाजी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सापडला, रस्ता सोडून दूर, शेतातल्या पंपाकडे जाणाऱ्या लाइनच्या शेवटच्या खांबाखाली. पारा पंचेचाळीसवर होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागून सकाळी दहाच्या सुमारास गेला असेल. म्हणजे उजाडल्यावरही तो काही तास जिवंत होता. खांबाला टेकून बसला होता. चपला काढून शेजारी नीट ठेवल्या होत्या, चढण्याआधी ठेवतात तशा. खिशात तुकडे तसेच होते.

धम्मदीप पुण्याहून आला. फ्यूजला दूर कुठं सोडून येतो म्हणाला. केशरबाईनं नकार दिला. "त्याले जे शिकवलं ते त्यानं केलं," एवढंच बोलली. माझ्याकडे पाहून नाही बोलली, पण मला ते लागायचं तिथं लागलं.

प्लास्टर निघालं तशी ती पुन्हा फिरायला निघू लागली. फ्यूज दहा पावलं पुढं, ती मागं. पुढं आता कोणी नाही, तरी ती मागूनच चालते. आमच्या फाटकासमोर आला की फ्यूज थांबतो, वळतो, मान वर करतो. ती वाकून तुकडा पुढं धरते. पण तिच्या तोंडून तो शब्द निघत नाही. एकदा ती मला म्हणाली, "म्या त्या दिवशी त्याले शाब्बास म्हटलं भाऊ. हे तिकडं तडफडून राहिले होते अन् म्या शाब्बास म्हटलं."

शब्दाशिवाय फ्यूज तुकडा घेत नाही. तो तसाच पाहत राहतो आणि ती तशीच हात पुढं करून वाकलेली राहते, घोटा दुखत असतानाही. मग मी फाटकातून म्हणतो, "शाब्बास." फ्यूज तुकडा घेतो आणि दोघं पुढं जातात. रोज संध्याकाळी मला तो शब्द म्हणावा लागतो.