माळ चालू असताना

आमच्या घरात माळ सुरू झाली की दार उघडत नाही. संध्याकाळी सातला आबा, म्हणजे माझे वडील, कूलर बंद करतात, मरियेच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात आणि प्रार्थनेची माळ हातात घेऊन चटईवर बसतात. मग गॅसवाला येवो नाही तर साक्षात फादर येवोत, ज्यानं त्यानं ओट्यावर बसावं आणि आमेन होईपर्यंत थांबावं. "माळ चालू शे तवलोंग दार नही उघाडानं," हा आबांचा कायदा. गल्लीतल्या सगळ्यांना तो पाठ आहे. जळगावच्या मे महिन्यात बंद खोलीत, कूलरशिवाय, घामानं निथळत बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

आणि बसणारी मी एकटीच. माळ म्हणायला आमच्याकडे दोघं लागतात. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग आबा म्हणतात, 'पवित्र मरिये'पासूनचा उरलेला मी. आई गेली, धाकट्या भावाला आबांनी घराबाहेर काढलं, उरले मी. चाळिशी उलटली माझी. यावलला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हाही न जेवता बस धरून परत आले, कारण सातला आबांना उत्तर कोण देणार? मावशी म्हणाली, "तुझं माळेशीच लग्न लागलंय." सगळे हसले. मीही हसले, पण बसमध्ये डोक्यात तिडीक गेली होती.

भावानं पाच वर्षांपूर्वी सोनगीरच्या मुलीशी लग्न केलं. तिच्या घरच्या पद्धतीनं, हळद लावून, मंडपात, चर्चमध्ये नाही. आबांनी सांगितलं, पुन्हा या दारात दिसू नकोस. तो धुळ्याला राहायला गेला. मला फोन करायचा आणि मी मोरीत उभी राहून हळू आवाजात बोलायचे, चोरी केल्यासारखी. गेल्या मेमध्ये त्याचा फोन आला. "अक्का, रविवारी येतो. शेवटचं. आबांनी दार उघडलं तर आत येईन, नाही उघडलं तर पुन्हा त्रास देणार नाही. त्यांना सांगू नको."

मी सांगितलं नाही. मटण आणून ठेवलं आणि आबांना म्हटलं, रविवार आहे ना. दुपारभर जीव टांगणीला. चार वाजले, पाच वाजले, सहा. बस पारोळ्याला बंद पडली होती, हे नंतर कळलं. सातला आबांनी कूलर बंद केला.

एकेका रहस्याला, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाला, दहा नमो मरिया, अशी पाच रहस्यं म्हटली की माळ पुरी होते. दुसरं निम्म्यात आलं आणि दारावर दोनदा टकटक झाली, मग जरा थांबून एकदा. लहानपणापासून तो असंच वाजवायचा. आबांचं बोट मण्यावर थांबलं, मग पुढे सरकलं. कायदा त्यालाही पाठ होता, त्यानं पुन्हा वाजवलं नाही. ओट्यावर बसल्याचा आवाज आला. पुढच्या नमो मरियेला आबांचा अर्धा भाग संपला, मी तोंड उघडलं, तर माझ्याआधी बाहेरून आवाज आला. पवित्र मरिये, देवाचे माते.

कूलर बंद, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी त्याच्या आवाजात आवाज मिसळला. तिसरं, चौथं, पाचवं. चार वर्षांनी आम्ही तिघांनी मिळून माळ म्हटली, मध्ये एक दार होतं एवढंच. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आबांचाही आवाज घोगरा झाला होता. वाटलं, झालं, आता आमेन म्हणतील आणि स्वतः उठतील.

पाचवं संपलं की बोटाखाली माळेच्या सांध्यावरचं पदक येतं. आंधळ्यालाही कळतं. आबांनी पदकावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग डोळे न उघडता म्हणाले, "पाचवं रहस्य. मरियेला स्वर्गात मुकुट घालतात." पुन्हा. आणि पहिला मणी ओढला.

ते विसरले नव्हते. ते दाराला घाबरले होते. माळ संपली असती तर उठावं लागलं असतं.

मी उठू शकत होते. चार पावलांवर कडी होती. निदान एवढं तरी म्हणायचं, आबा, पाच झाली. आबांनी त्यांचा अर्धा भाग म्हटला आणि थांबले. बाहेरूनही काही आलं नाही. तोही मोजत होता. आबा माझ्याकडे बघत नव्हते, पण माझ्यासाठीच थांबले होते. इतक्या वर्षांची सवय म्हणा, भीती म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या तोंडून निघालं, पवित्र मरिये, देवाचे माते. दहाच्या दहा वेळा निघालं.

आमेन झाल्यावर आबा म्हणाले, "पाह्य वं, कोन शे." मी दार उघडलं. ओटा रिकामा होता. मोबाईलवर त्याचा मेसेज पडला होता. "अक्का, आबांचं मी समजू शकतो. पण सहाव्याला तुझा आवाज आला."

जेवताना आबा म्हणाले, मटण चांगलं झालंय.

वर्ष झालं. भाऊ माझा फोन उचलत नाही. आता सातला आबांच्या आधी मीच कूलर बंद करते, दारावर काही वाजलं तर ऐकू यावं म्हणून. अजून वाजलेलं नाही.