खट्टमामांचा जास्तीचा फोटो

खट्टमामा फोटो काढताना तोंडानं आवाज करायचे. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा, श्वास धरायचा आणि जीभ टाळूवर आपटून असा दणदणीत ‘खट्ट!’ काढायचा की समोर ताठ बसलेलं अख्खं कुटुंब एकदम सैल पडायचं. पासपोर्ट फोटोला एक खट्ट, जोडप्याला एक खट्ट, साठ माणसांच्या ग्रुपलाही एकच. मामा आता नाहीत. पण हायवेवर एखाद्या ट्रकचा फाळका आपटला की मी अजूनही मान सरळ करून बसतो.

नळदुर्गात त्यांचा स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान एकमेकांना चिकटून. मामा मला कधी नावानं हाक मारत नसत. ‘ए झेरॉक्स!’ म्हणायचे, आणि मी भर बाजारात ‘ओ’ द्यायचो. लग्नकार्यांना त्यांची पिशवी धरायलाही मीच जायचो.

त्यांच्याकडं दोन कॅमेरे होते. एक ‘डबी’, म्हणजे साबणाच्या वडीएवढा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा. तो कायम शर्टाच्या खिशात, चष्म्याशेजारी. दुसरं ‘मोठं’. हा नवाकोरा मिररलेस. त्याच्यातला आरसाच काढून टाकलेला, त्यामुळं तो आवाज न करता फोटो काढायचा. त्यावरूनच सगळं नाटक सुरू झालं. पहिल्या आठवड्यात लोकांना फोटो निघाल्याचं कळेचना. एका नव्या जावयानं तर श्वास इतका वेळ धरला की त्याचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी दातांच्या फटीतून तो म्हणाला, “मामा, सोडू का?” दुसऱ्या दिवसापासून मामांनी तोंडानं खट्ट सुरू केलं आणि गावानं त्यांचं बारसं केलं.

“मामा, दोन्हीत फरक काय हो?” असं कुणी विचारलं की ते दुकानाच्या पायरीवर असे उभे राहायचे, जणू पडदा वर गेलाय. “डबीला समोर जे हाय ते दिसतं. मोठ्याला आदी डोळा दिसतो, मग मानूस. डबीला उजेड लागतो. मोठं ढगात बी काम करतं. अन् सगळ्यात मोठा फरक आईक. डबी हात लांब करून धरावी लागती, मोठं तोंडाला लावून. हात लांब गेला की मानूस उघडा पडतो.” या शेवटच्या वाक्याला मी दर वेळी हसायचो. कशाला हसतोय, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

डोळ्याची गोष्ट खरी होती. मोठ्याच्या पडद्यावर एक छोटी चौकट माणसाच्या डोळ्यावर जाऊन बसायची आणि मागं हटायची नाही. एका घरी गोंधळाला मामांनी ते नवरा-नवरीवर धरलं, तर चौकट त्यांना सोडून मागच्या तसबिरीतल्या तुळजाभवानीच्या डोळ्यावर. मामांनी परत फिरवलं, ती परत देवीकडं. तीन वेळा असं झाल्यावर त्यांनी कॅमेरा खाली घेतला, हात जोडले आणि म्हणाले, “मशीन जपानचं असंल, पन देवीला वळखतंय.”

पण माणूस हसवत असला तरी आतून सतत धास्तावलेला. फिकीर हा त्यांचा जोडधंदा. कार्ड आत आहे का, हे ते झाकण उघडून तीनदा बघायचे आणि चौथ्यांदा मला बघायला लावायचे. जादा बॅटरी एक पिशवीत आणि एक पायमोज्यात. याचं मूळ रिळाच्या काळातल्या येडशीकडच्या एका लग्नात होतं. त्या लग्नात मामांनी दिवसभर फोटो काढले, आणि घरी येऊन बघतात तर रिळाचं टोक आत अडकलंच नव्हतं. रीळ जागचं हाललं नव्हतं. आठव्या दिवशी त्यांनी नवरा-नवरीला पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं केलं, अंतरपाट म्हणून सोलापुरी चादर धरली. नवरी इतकी हसत होती की त्या अल्बममध्ये सप्तपदीची सातही पावलं ती हसतच टाकते. गावाला गंमत वाटली. मामांना मात्र त्या दिवसापासून एकदा काढलेल्या फोटोवर भरवसा राहिला नाही. प्रत्येक महत्त्वाच्या फोटोनंतर ते म्हणायचे, “आता एक जास्तीचा.” पुढं हा जास्तीचा डबीवर निघू लागला. शेवटी शेवटी तर ते डबी माझ्या हातात द्यायचे, “तू मार रं.” मला वाटायचं, गुरूनं शिष्याला मान दिला.

चहाचंही तसंच. अलीकडं त्यांनी कधी पूर्ण कप घेतला नाही. “अर्दाच भर,” म्हणायचे. मी त्यांच्या तोंडावर त्यांना चिक्कू म्हणायचो आणि ते खुशाल ऐकून घ्यायचे.

एका दुपारी त्यांचा कॉम्प्युटर बसला, म्हणून ते एका बारशाचं कार्ड घेऊन माझ्याकडं आले. मी फोटो उघडले. पाळण्याजवळ आत्या, बाळाच्या कानाशी वाकलेली. पुढचा फोटो तोच. त्याच्या पुढचाही तोच. एकाच क्षणाचे बारा फोटो. हललेला, हललेला, अर्धा हललेला, परत हललेला आणि मधेच एक लखलखीत, काचेसारखा. बाळाच्या मुठीचेही बारा. आजीच्या नथीचेही बारा.

“मामा,” मी म्हणालो, “खट्ट तर एकच झालं होतं की.”

त्यांनी उजवा हात माझ्या काउंटरच्या काचेवर अधांतरी धरला. मशीनमधून निघालेला गरम कागद पंख्याखाली फडफडतो, तसा तो हात फडफडत होता.

“तू एकाचे बारा काढतोस,” मामा म्हणाले, “म्या बारातला एक काढतो. मोठं घेतलं ते त्याच्यासाठीच. आवाज न करता मारत राहतं. लोकांना एक खट्ट पुरं.”

मी डॉक्टरांचं विचारलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं, पण मामांनी ते सुरूच केलं नव्हतं. “गोळ्या घरात आल्या की अश्विनीला कळंल. कळलं की पोरगी बोहल्यावर उभी राहायची न्हाय. म्हनंल, अप्पाकडं कोन बघंल? अन् पावन्यांना कळलं तर ते म्हनतील, रक्तातच हाय. लग्न होऊ दे, झेरॉक्स. मग हात थरथरू दे न्हायतर नाचू दे.”

अश्विनी ही त्यांची एकुलती एक लेक, आणि पाहुणे उमरग्याचे. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. कुणाला सांगणार नाही, अशी मी शपथ घेतली. आणि लगेच मला जे दिसलं, ते त्यांना आधीपासूनच दिसत होतं.

“कन्यादान,” मामा म्हणाले. “दोन्ही हात फुडं करावं लागत्यात. ते बी लांब. डबीवानी.”

उपाय त्यांनीच शोधला आणि त्या उपायानं मला घाम फुटला. मोठं मी धरायचं. मी! डबीवर जास्तीचा मारणं वेगळं. घरच्या फोटोत आजवर माझ्या अंगठ्याशिवाय काही आलं नव्हतं. रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. मामा ओंजळ पुढं करून स्टुलावर बसायचे, मी फोटो काढायचो. “हातावर धर. डोळ्याची चौकट बंद केली हाय. चाकाला हात लावू नको, पाचशेवर ठेवलंय. सेकंदाचा पाचशेवा तुकडा. तेवढ्या येळात माझा हात बी हालत न्हाय. बघनाऱ्यांचं ध्यान आपन कुठंतरी लावू, पन अल्बम जल्मभर ऱ्हातो. त्यात हात गप पायजे.” मग थोडं थांबून, “अन् डबीवर एक जास्तीचा. मोठ्याचा काय भरवसा!”

लग्नाच्या दिवशी मामांनी कार्ड बघितलं, मी बघितलं, परत मामांनी बघितलं. मंगल कार्यालय पत्र्याचं, आत लाल कापडाचं छत. कन्यादानाला बसायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. गुरुजी म्हणाले, मुहूर्ताला विजेची गरज नाही. उमरग्याची मंडळी नीट दिसावं म्हणून चार पावलं पुढं सरकली.

मामांनी ओंजळ पुढं केली. तिच्यात जावयाची, तिच्यात अश्विनीची. मामींनी तांब्यातून धार धरली. मी मोठ्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. मग गळ्यातली डबी उचलून एक जास्तीचाही घेतला. आता फक्त खट्ट म्हणायचं राहिलं होतं. ठरलंच होतं तसं, कारण खट्ट ऐकल्याशिवाय मामा हात मागं घेणार नव्हते. पण माझं तोंड कोरडं ठाक पडलं होतं. जीभ टाळूला लागली ती तिथंच राहिली. मामा माझ्याकडं बघतायत. मी मामांकडं. मामींचा तांब्या रिकामा झाला. गुरुजींचा मंत्र संपला. हात तसेच पुढं, आणि आता त्यांची थरथर सगळ्यांना दिसायच्या बेतात.

“खट्ट!” शेवटी मामाच ओरडले.

अख्खा मांडव हसत सुटला. गुरुजींना ठसका लागला. उमरग्याचे व्याही पोट धरून म्हणाले, “आवो, स्वतःच्या फोटोला बी तुमीच व्हय!” त्या गडबडीत ओंजळ सुटली आणि कुणालाही काही दिसलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्यावर मामांनी मला खांबाआड ओढलं. मोठ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. पाण्याचा थेंब न थेंब सुटा, आणि त्याखाली मामांचे हात दगडात कोरल्यासारखे स्थिर. किती तरी दिवसांनी त्यांनी मोठा श्वास सोडला. मी मात्र दुसरंच बघत होतो. अश्विनीचा अंगठा बापाच्या करंगळीवर होता, इतका गच्च दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. मोठ्यानं तेवढंही टिपलं होतं.

डबीतला फोटो मात्र वेगळा होता. तिला उजेड पुरला नव्हता. त्यात हातच नव्हते, नुसता पांढरट धूर होता.

“हा पूस,” मामा म्हणाले.

मी एक बटण दाबलं. ते चुकीचं होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

पाठवणीला गाडीत बसण्याआधी अश्विनी माझ्याकडं आली. “काका, डबीतला दाखवा.” मी मामांकडं बघितलं. तिनं डबी माझ्या गळ्यातून काढून घेतली, फोटो शोधला आणि बराच वेळ बघत राहिली.

“अगं, तो हाललाय,” मामा घाईघाईनं म्हणाले. “मोठ्यात चांगला आलाय.”

“फोटो नाही हालला, अप्पा,” ती हळूच म्हणाली. “दोन वर्षं अर्धा चहा मीच देतेय ना तुम्हाला? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आणल्यात मी. आईकडं दिल्यात. उद्यापासून घ्यायच्या.”

ती डबी हातात घेऊनच गाडीत जाऊन बसली.

गाडी सुरू झाली. तेव्हा मामांनी तिच्या हातातून डबी घेतली. मी मोठं त्यांच्या पुढं केलं, पण त्यांनी मान हलवली. सगळे पाहुणे, व्याही, गुरुजी, अर्धं नळदुर्ग बघत असताना त्यांनी दोन्ही हात पुढं लांब केले. डबी वाऱ्यातल्या पानासारखी थरथरत होती. कुणीतरी “अरे!” म्हणालं. मामांनी तिकडं बघितलं नाही. खिडकीत लेक होती. त्यांनी एकदाच बटण दाबलं. डबीनं आपलं आपणच बारीक खट्ट केलं. मग त्यांनी ती खिडकीतून अश्विनीच्या मांडीवर ठेवून दिली आणि गाडी हलली.

“मामा,” मी सवयीनं म्हणालो, “जास्तीचा?”

मामा धुळीकडं बघत होते. हात तसेच पुढं होते, आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

“नको,” ते म्हणाले. “आला असंल.”

तो आला की नाही, हे मी अश्विनीला अजून विचारलेलं नाही.